इंदूरहून सरळ दक्षिणेस



गेल्या पावसाळ्यात भूगोलाचे शिक्षक चार दिवस रजेवर होते आणि आठवीच्या वर्गावर त्यांच्या जागी आमची नेमणूक झाली. आम्ही कला शाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. भूगोलाशी आमचा संबंध विद्यार्थिदशेबरोबरच सुटलेला. तेव्हा नवा पाठ शिकविण्याचे धाडस न करता आम्ही पृथ्वीचा गोल मेजावर ठेवला, एक दोरा घेतला आणि मुलांना म्हटले, "दोऱ्याचे एक टोक इंदूरवर धरा आणि दुसरे सरळ दक्षिणेकडे न्या. वाटेत काय काय लागते ते फळ्यावर लिहू."

गोल लहान होता, म्हणून काहींनी नकाशाची पुस्तके उघडली आणि यादी भराभर वाढू लागली. महेश्वर आणि बडवाह यांच्या दरम्यान नर्मदा ओलांडली. सातपुडा उतरून भुसावळच्या शेजारून रेषा महाराष्ट्रात शिरली. पुढे अजिंठा, बीड, सोलापूर. नंतर विजापूर, चिकमगळूर आणि शेवटी कालिकतच्या थोडे दक्षिणेस मलबारचा किनारा. दोरा समुद्रात उतरला आणि मुले थांबली.

"आता पुढे काय?" आम्ही विचारले.

"काही नाही सर, नुसते पाणी."

"आणि पाण्याच्या पुढे?"

दोरा धरलेल्या मुलाने गोल उचलून खालून पाहिले आणि शांतपणे सांगितले, "थोडा पांढरा रंग आहे, आणि मग खिळा आहे."

वर्ग हसला; आम्हीही हसलो. भिंतीवरच्या मोठ्या नकाशाकडे पाहिले, तर त्याचा खालचा भाग नकाशा ताणून धरणाऱ्या लाकडी दांडीतच गुंडाळला गेला होता. त्या मुलाचे उत्तर मात्र आमच्या मनातून जाईना. ज्या रेषेवर आपले गाव वसले आहे तिच्या दुसऱ्या टोकाशी काय आहे, हे त्या मुलास ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्हांसही नव्हते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे वाचले आणि समजून घेतले, तेच येथे सांगत आहोत.

प्रथम या रेषेची थोरवी ऐका. इंदूरचे रेखावृत्त सुमारे ७५ अंश ५१ मिनिटे पूर्व. आपल्या उत्तरेस असलेली उज्जयिनी जवळजवळ याच रेषेवर आहे. आज सारे जग ग्रीनिचपासून रेखांश मोजते. परंतु प्राचीन भारतीय ज्योतिषी आपली मध्यरेखा उज्जयिनीवरून कल्पीत असत. ती उत्तर ध्रुवापाशी मेरूपर्यंत आणि दक्षिण ध्रुवापाशी वडवामुखापर्यंत जाते, असे ते मानीत. मेरूवर देव आणि दक्षिणेस असुर राहतात ही कल्पना पुराणांची. पण त्या दोन्ही ठिकाणी सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र असते, हे मात्र त्यांनी गणिताने काढलेले होते. त्यांपैकी कोणीही तेथे गेला नव्हता. माळव्यात बसून, आकाशाकडे पाहून, त्यांनी या रेषेच्या अगदी शेवटच्या टोकाचा विचार केला होता. म्हणजे "पुढे काही नाही" असे म्हणण्याची परंपरा आपल्या गावाची नव्हे!

आता दोऱ्याबरोबर पुढे जाऊ. मलबारच्या किनाऱ्यापासून या रेषेवर सुमारे ८,९०० किलोमीटर केवळ समुद्र आहे. विषुववृत्त ओलांडले, उष्ण कटिबंध संपला, की चाळिसाव्या अक्षवृत्तापासून पश्चिमेकडील प्रचंड वारे सुरू होतात. खलाशांनी त्यांना "गर्जणारे चाळीस" असे नाव दिले आणि त्यापुढील पट्ट्यांना "खवळलेले पन्नास" व "किंचाळणारे साठ". या वाऱ्यांना अडविण्यास वाटेत फारशी जमीन नाही. ते पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत राहतात.

या वाऱ्यांच्या प्रदेशात, ५३ अंश दक्षिण अक्षवृत्तावर, आपल्या रेषेपासून केवळ दीडशे किलोमीटर पश्चिमेस एक बेट आहे. त्याचे नाव हर्ड. क्षेत्रफळ सुमारे ३६८ चौरस किलोमीटर. मध्यभागी ज्वालामुखी पर्वत. त्याचे शिखर २,७४५ मीटर उंच, म्हणजे आपल्या पचमढीच्या धूपगडाच्या दुपटीहून उंच. हा ज्वालामुखी अजून जागा आहे. आत अग्नी आणि अंगावर हिमनद्या! किनाऱ्यावर काळे कडे आणि समुद्रात घुसलेली खडकाळ टोके.

जमिनीच्या अशा टोकाला भूगोलात भूशिर म्हणतात. आम्ही मूळचे गोमंतकातील, घरी कोंकणी बोलणारे. भूशिर म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर मुरगावचा सडा येतो. पावसाळ्यात त्यावर हिरवळ, खाली खडपांवर फुटणाऱ्या लाटा आणि वर माणसांची वस्ती. हर्ड बेटाच्या भूशिरांवर यांतले पहिले आणि शेवटचे जवळजवळ नाही. झाड तर एकही नाही. वर्षाचे सरासरी तापमान गोठणबिंदूच्या किंचित वर. खडकांच्या आडोशाला शेवाळे, गवत, उशीसारख्या दाट गाद्या करून वाढणारी एक वनस्पती आणि एक प्रकारची रानकोबी. या कोबीवर एक माशी राहते. तिला पंखच नाहीत. जेथे उडणे म्हणजे वाऱ्याबरोबर समुद्रात जाणे, तेथे पायांनी चालणारी माशीच टिकते.

परंतु या निर्जन टोकांना निर्जीव म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात खडकांच्या उतारावर पेंग्विनांच्या वसाहती भरतात. डोक्यावर पिवळा तुरा असलेल्या एका जातीच्या पक्ष्यांची तर लाखोंनी गणना होते. पुळणींवर हत्ती-सील येऊन लोळतात. याच प्राण्यांमुळे माणूस येथे आला. १८५३ साली जॉन हर्ड या अमेरिकन कप्तानाने बेट पाहिले आणि १८५५ पासून सीलांची शिकार सुरू झाली. चरबी वितळवून तिचे तेल पिंपांत भरावयाचे आणि जहाजाने पाठवावयाचे, हा उद्योग. त्या तेलावर दूरच्या शहरांतील दिवे आणि यंत्रे चालत. शिकाऱ्यांच्या टोळ्या दगडांच्या आणि फळ्यांच्या झोपड्यांत हिवाळा काढीत. पंचवीस वर्षांच्या आत सील इतके घटले की धंदा परवडेना आणि माणसे निघून गेली. ज्या बेटावर "काही नव्हते", त्यावरून जे होते ते सारे माणसाने नेले! पुढे शिकार थांबल्यावर सीलांची संख्या सावरली. आज हे बेट ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आहे, १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तेथे कोणीही राहत नाही. तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सरकारने नवे आयातकर जाहीर केले, तेव्हा त्या यादीत या निर्मनुष्य बेटाचेही नाव होते. तेव्हा नकाशाच्या खालच्या भागाविषयीचे अज्ञान केवळ आमच्या आठवीच्या वर्गातच आहे असे नाही.

हर्ड मागे टाकून आणखी सुमारे अठराशे किलोमीटर गेले की दोरा अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागतो. तेथे प्रिझ उपसागर आहे. त्याच्या आग्नेय काठावर बर्फाच्या अफाट विस्तारात सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचा उघडा खडकाळ प्रदेश आहे. त्यास लार्समन टेकड्या म्हणतात. त्यांतील एका भूशिरावर, दोन खाड्यांच्या मध्ये, ६९ अंश २४ मिनिटे दक्षिण आणि ७६ अंश ११ मिनिटे पूर्व या ठिकाणी एक इमारत उभी आहे. रेखांश पुन्हा वाचा. इंदूरची रेषा त्या इमारतीच्या पश्चिमेस अवघ्या तेरा किलोमीटरांवरून जाते. आणि त्या इमारतीवर भारताचा तिरंगा आहे.

तिचे नाव "भारती". हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. दहा हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या रेषेचे एक टोक आमच्या वर्गात आणि दुसरे टोक आपल्याच देशाच्या संशोधन-केंद्राजवळ; आणि मधले सर्व "काही नाही"!

ही इमारत तेथे कशी आली, याची कथा आमच्या मुरगावपासून सुरू होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी "पोलर सर्कल" नावाचे भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज मुरगाव बंदरातून निघाले. त्यावर डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस भारतीय होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने "दक्षिण गंगोत्री" हे पहिले केंद्र बांधले. त्या मोहिमेत औंधच्या पंत घराण्यातील समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. अंटार्क्टिकावर जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. याच कामासाठी १९९८ साली गोव्यात स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे ठिकाण वास्को शहरातील हेडलँड सडा, म्हणजे मुरगावचे तेच भूशिर. लहानपणी ज्या सड्यावरून आम्ही नुसती जहाजे मोजली, तेथून आता या दुसऱ्या भूशिराचा कारभार पाहिला जातो.

"दक्षिण गंगोत्री" बांधली होती समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर. दरवर्षी तिच्यावर हिम साचत गेले आणि केंद्र हळूहळू त्याखाली गाडले गेले. काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले. दुसरे केंद्र "मैत्री" हे १९८९ साली उघड्या खडकावर उभारले आणि ते टिकले. बर्फ वाहतो, सरकतो, गिळतो. खडक जागा सोडीत नाही. म्हणून तिसऱ्या केंद्रासाठीही खडकच शोधला गेला. अंटार्क्टिकाच्या शेकडा अठ्ठ्याण्णव भागावर बर्फ आहे. उरलेल्या दोन भागांतील एक टोक आपल्या वाट्यास आले.

"भारती" २०१२ च्या मार्चमध्ये सुरू झाली. मालवाहतुकीचे १३४ पोलादी कंटेनर एकमेकांस जोडून त्यांवर बाहेरून आवरण चढविले आहे. सारी इमारत खांबांवर उचललेली आहे, म्हणजे वारा खालून निघून जातो आणि हिम भिंतीशी साचत नाही. उन्हाळ्यात तेथे माणसांची वर्दळ असते. हिवाळ्यात वीस-पंचवीस जण उरतात. रेषा एकच असल्यामुळे इंदूरला आणि तेथे मध्यान्ह जवळजवळ एकाच वेळी होतो. पण डिसेंबरात तेथे मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही, आणि जूनच्या मागेपुढे सुमारे दीड महिना तो उगवतच नाही. आपली शाळा उघडते, आपण पहिल्या पावसात भिजत येतो, तेव्हा आपल्याच रेषेवर काही माणसे भर दुपारी दिवा लावून काम करीत असतात. जहाज वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात येते. डाळ, तांदूळ, औषध, सुई-दोरा, जे विसरले ते वर्षभर विसरले.

ते तेथे काय करतात? हवेची, बर्फाची, खडकांची आणि भूकंपलहरींची मोजमापे घेतात. शिवाय २०१३ पासून तेथे उपग्रहांचे संदेश घेणारे स्थानक आहे. आपले भूनिरीक्षण करणारे उपग्रह ध्रुवांजवळून फिरतात. दिवसाच्या सुमारे चौदा फेऱ्यांपैकी बहुतेक फेऱ्यांत ते या भूशिराच्या दृष्टिपथात येतात. त्यांनी टिपलेली माहिती तेथे उतरवून घेतात आणि हैदराबादजवळील केंद्राकडे पाठवितात. माळव्यातील सोयाबीनच्या शेताचे चित्र इंदूरला येण्यापूर्वी त्या खडकावर जाऊन आलेले असू शकते.

आमच्या इतिहासाच्या मनाला मात्र सर्वांत अधिक ओढ लागली ती त्या खडकाच्या वयाची. काही कोटी वर्षांपूर्वी भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे एकाच महाखंडाचे भाग होते. भारताचा पूर्व किनारा पूर्व अंटार्क्टिकाला चिकटलेला होता. प्रिझ उपसागराकडे वाहणाऱ्या लॅम्बर्ट हिमनदीची खचदरी आणि ओरिसातील महानदीचे खोरे ही एकेकाळी एकाच दरीचे दोन तुकडे असावेत, असे भूशास्त्रज्ञ मानतात. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी ही ताटातूट सुरू झाली. आणि त्या महाखंडाचे नाव काय? गोंडवन. हे नाव आपल्या मध्य प्रदेशातील गोंडांच्या भूमीवरून पडले आहे. येथील खडकांना भूशास्त्रज्ञांनी ते प्रथम दिले आणि नंतर साऱ्या महाखंडाने ते घेतले.

याचा एक पुरावा फार मोल देऊन मिळालेला आहे. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कप्तान स्कॉट आणि त्यांचे सोबती थंडीने व उपासमारीने मरण पावले. आठ महिन्यांनी त्यांचा तंबू सापडला, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे सोळा किलो दगड होते. पाय गोठलेले, अन्न संपत आलेले, गाडी स्वतः ओढावयाची. तरी त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत जिभेच्या आकाराच्या एका पानाचे ठसे होते. त्या वनस्पतीचे नाव ग्लॉसॉप्टेरिस. तीच पाने छिंदवाड्याकडील पेंच खोऱ्याच्या कोळशाच्या थरांत मिळतात. सातपुड्यात आणि बर्फाच्या खंडात एकाच झाडाची पाने! स्कॉट यांचा मार्ग आपल्या रेषेपासून फार दूर, खंडाच्या दुसऱ्या बाजूस होता. परंतु ते सोळा किलो दगड आपलीही साक्ष देतात.

आता तुम्ही विचाराल, ती जागा कोणाची? उत्तर आहे: कोणाचीही नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिका-करारावर सह्या केल्या. तेथे लष्करी कारवाया करावयाच्या नाहीत, संशोधन सर्वांसाठी खुले ठेवावयाचे आणि मालकीचे जुने दावे आहेत तसे थांबवून ठेवावयाचे असे ठरले. अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे यावा यासाठी भारताने १९५६ सालीच प्रयत्न केला होता. करारात भारत १९८३ साली सामील झाला. १९९१ च्या माद्रिद येथील करारपत्राने तेथे खनिजे काढण्यास मनाई केली. "भारती"पासून सुमारे दहा किलोमीटरांवर चीनचे केंद्र आहे आणि त्याच्या शेजारी रशियाचे. २००७ पासून हे शेजारी लार्समन टेकड्यांचा सांभाळ ठरलेल्या नियमांनी मिळून करीत आहेत. हिमालयात ज्यांच्या सीमा जुळत नाहीत, ते या खडकावर कचरा कोणी कोठे टाकू नये हे एकत्र बसून ठरवू शकतात.

वर्गात हे सारे सांगितले तेव्हा शेतकऱ्याच्या घरच्या एका मुलीने विचारले, "पण सर, आपल्याला त्याचा काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे आणि त्यास गोल उत्तर देणे बरे नव्हे. आपला पाऊस आणणारे वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून, मस्कारीन बेटांच्या आसपास हवेचा दाब अधिक असतो तेथून निघतात; दक्षिणेचा महासागर कळल्याखेरीज माळव्याचा पाऊस पुरता कळणार नाही. हा पहिला उपयोग. दुसरा उपयोग इंदुरात दिसत नाही, कारण आपण समुद्रापासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच बसलो आहोत. तो आमच्या आजोळी दिसतो. गोव्यात खाजन शेती असते. बांधाच्या एका बाजूस भरतीचे खारे पाणी आणि दुसऱ्या बाजूस, त्या पाण्याहून खालच्या पातळीवर, भाताचे शेत. बांधातील मानशीची फळी भरतीला बंद होते आणि ओहोटीला उघडते. बांधाची आणि भरतीच्या पाण्याची उंची यांत फार अंतर नसते. अंटार्क्टिकावरील सारा बर्फ वितळला तर जगाचा समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. तसे आपल्या हयातीत होणार नाही. पण आमच्या आजोळच्या बांधाला ५८ मीटर लागत नाहीत, हातभर पुरे. हर्ड बेटावरील हिमनद्यांचे क्षेत्र १९४७ पासून सुमारे पाचव्या भागाने घटले आहे. म्हणून त्या टोकाशी कोणीतरी बसून बर्फ मोजीत राहिले पाहिजे.

तेवढ्याने त्या मुलीचे समाधान झाले की नाही हे आम्हांस सांगता येत नाही. ती म्हणाली, "मग तो नकाशात दिसायला हवा." त्या शनिवारी मुलांनी दोन पुठ्ठे जोडले, भिंतीवरच्या नकाशाच्या दांडीखाली टांगले आणि त्यांवर उरलेली पृथ्वी काढली. हर्ड बेट प्रमाणापेक्षा मोठे झाले आहे आणि प्रिझ उपसागराचा आकार थोडा चुकला आहे. भूगोलाच्या शिक्षकांनी रजेवरून आल्यावर तो दाखवूनही दिला. पण दोरा आता इंदूरपासून "भारती"पर्यंत सलग जातो.

पुढील अंकासाठी एक काम सुचवितो. आम्ही दोरा दक्षिणेस नेला. तुम्ही तो उत्तरेस न्या, किंवा आपल्या अक्षवृत्तावरून पूर्वेस आणि पश्चिमेस न्या. जेथे "काही नाही" असे वाटेल तेथे थांबा, ग्रंथालयात जा आणि तेथे काय आहे ते शोधून लिहा.